दाढ काढल्यावर घरी काय करायचं आणि दवाखान्यात कधी धावायचं : कोकणातल्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न आमच्याकडे रोज येतात. काही समोर बसून विचारले जातात, बरेचसे रात्री फोनवर. किनाऱ्यावर दाढ काढणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी असतो आणि रुग्ण खाडीपलीकडच्या वाडीत. शेवटची एसटी गेली की सकाळपर्यंत काही खरं नसतं. त्यामुळे घरी काय करायचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच घर सोडून कधी निघायचं हेही. तुमच्या डॉक्टरांनी तुमची तब्येत पाहून काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

दाढ काढायला उपाशीपोटी यायचं का?

नाही. उपाशी राहायचं ते पूर्ण भूल द्यायची असेल तेव्हा, आणि तसं आधी सांगितलं जातं. दाढ काढताना फक्त तेवढा भाग बधिर करतात, त्यासाठी पोटात अन्न हवं. पहाटेची गाडी पकडून, काही न खाता, मनात धास्ती घेऊन आलेला माणूस इंजेक्शन दिल्याबरोबर घामाघूम होतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. असं झालं तर त्याला आडवं करून पाय वर उचलून धरावेत, दोनचार मिनिटांत तो सावरतो. मधुमेह असेल तर न्याहारी आणि रोजची गोळी किंवा इन्सुलिन ठरल्याप्रमाणे घेऊन, शक्यतो सकाळच्या वेळेला या.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दोन दिवस बंद करून येऊ का?

स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना साधी दाढ काढता येते. रक्त थोडं जास्त वेळ येतं, पण ते जागेवर दाबून, टाका घालून थांबवता येतं. गोळी बंद केल्यामुळे हृदयातल्या स्टेंटमध्ये किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर ती आमच्या हाताबाहेरची गोष्ट असते. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम घेत असाल तर आदल्या दिवशी आयएनआर (रक्त साकळायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) तपासा आणि कागद सोबत आणा. तो साधारण ३.५ च्या आत असेल तर एखादी साधी दाढ गोळी न थांबवता काढता येते. नव्या प्रकारच्या गोळ्या असतील तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवतात.

आणखी काय काय सांगायला हवं?

घरात जेवढ्या गोळ्या आहेत त्यांची पिशवी घेऊन या, नावं पाठ नसली तरी चालतील. बीपी १८०/११० च्या वर असेल तर तातडीची नसलेली दाढ आम्ही त्या दिवशी काढत नाही. हृदयात कृत्रिम झडप बसवली असेल तर तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो.

दोन गोष्टी लोक हमखास सांगायच्या विसरतात. एक, हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला किंवा महिन्याला घ्यायची गोळी, नाहीतर सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. आजीला वाटतं, कंबरेच्या औषधाचा दाताशी काय संबंध? संबंध असतो. या औषधांमुळे काही जणांच्या जबड्याचं हाड दाढ काढल्यानंतर भरत नाही आणि उघडं पडतं. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत दिली जातात, तेव्हा धोका कितीतरी वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे कॅन्सरसाठी तोंडाला किंवा गळ्याला पूर्वी दिलेली किरणं. दहा वर्षांपूर्वीची असली तरी सांगा. किरणं द्यायची ठरलीच असतील तर खराब दाढा त्याच्या दोनतीन आठवडे आधी काढून घ्याव्यात.

पावसात ताप येऊन गेला. आता दाढ काढली तर चालेल?

थोडं थांबा. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर डेंगी आणि लेप्टो असतात, दोडामार्गाच्या बाजूला २०१६ पासून माकडतापही आला. या तापांत प्लेटलेट घटतात आणि दाढेच्या जागेचं रक्त थांबत नाही. ताप उतरल्यावर रक्त तपासून प्लेटलेट पूर्ववत झाल्याची खात्री करा. मध्येच दाढ ठणकली तर पॅरासिटामॉल घ्या. डेंगीचा संशय असताना आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन नको.

दाढ काढल्यावर पहिला दिवस कसा काढायचा?

दाढेच्या जागी साकळलेलं रक्त हीच तुमची मलमपट्टी. पहिल्या दिवसाचे सगळे नियम ती गुठळी जागेवर राहावी म्हणून आहेत. डॉक्टरांनी दाढेच्या जागी ठेवलेला बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा, मध्ये सारखा काढून बघू नका. नंतर बोळा टाका आणि नवा ठेवू नका. २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. लाळ आली तर गिळा. जीभ किंवा बोट लावून जागा चाचपू नका. झोपताना दोन उशा घ्या. ओझं उचलणं, वाकून काम करणं, उन्हात कलमांना पाणी घालणं त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा.

ओठ आणि जीभ दोन ते चार तास बधिर असतात. तेवढ्या वेळात गरम चहा नको. लहान मुलांवर तर नजरच ठेवा. गंमत वाटते म्हणून ती ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून जखम झालेली दिसते.

रात्री रक्त सुरू झालं. काय करू?

"डॉक्टरांनू, रगत थांबणा नाय" असा फोन बहुतेक वेळा दाढ काढल्यानंतर काही तासांनी येतो. त्याचं कारण आहे. बधिर करायच्या औषधात रक्तवाहिन्या आवळणारं ॲड्रिनॅलिन असतं. त्याचा असर उतरला की पुन्हा थोडं रक्त येतं. त्यातून माणूस घाबरून सारखा थुंकतो, थुंकल्यामुळे गुठळी निघते आणि रक्त आणखी वाढतं.

आधी शांतपणे बसा, आडवे होऊ नका. लाळ गुलाबी दिसत असेल तर ते रक्तस्राव म्हणून धरू नका. चमचाभर लाळेत दोन थेंब रक्त मिसळलं तरी तोंड रक्ताने भरल्यासारखं वाटतं, पहिल्या दिवशी तेवढं चालतं. खरंच ताजं लाल रक्त साचत असेल तर स्वच्छ गॉज किंवा धुतलेला सुती रुमाल घडी घालून ओला करा, बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास घड्याळ लावून चावून धरा. चूक होते ती इथेच. बोळा शेजारच्या दातांवर बसतो आणि खड्ड्यावर दाब येतच नाही. घडी जाड करा. गॉज नसेल तर काळ्या चहाची टी-बॅग भिजवून, पिळून चावून धरली तरी चालते, तिच्यातलं टॅनिन रक्त साकळायला मदत करतं. पण सुटी चहापूड, हळद, राख किंवा तपकीर खड्ड्यात भरू नका.

अर्ध्या तासाचा दाब दोनदा नीट देऊनही रक्त वाहत असेल, यकृतासारख्या गडद गुठळ्या पुन्हा पुन्हा येत असतील, चक्कर येत असेल, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर सकाळची वाट बघू नका. बोळा चावून धरूनच गाडीत बसा.

खायचं काय?

कोकणात हा प्रश्न सोपा आहे. उकड्या तांदळाची पेज, कोमट करून. नाचणीची आंबील, ताक, मऊ भात, मुगाचं वरण, केळं. शहाळ्याचं पाणी पेल्यात ओतून प्या, नळी नको. हापूसचे दिवस असतील तर आमरस खुशाल खा. सोलकढी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालेल, मिरची न घातलेली.

मासे कधी, हा प्रश्न यायचाच. दोनतीन दिवसांनी ओल्या बोंबलाचं कमी तिखटाचं कालवण चालेल. तारली, पेडवे, मांदेली यांसारखे बारीक काट्यांचे मासे आठ दिवस टाळा, काटा खड्ड्यात रुतला तर काढताना जखम पुन्हा उघडते. कुरकुरीत तळलेलं, चकली, फरसाण, शेंगदाणे, भाजलेल्या काजूचे तुकडे हेही तेवढे दिवस नको. एवढ्यासाठी उपास मात्र करू नका. पोटात अन्न नसताना वेदनेच्या गोळ्या घेतल्या की पित्त खवळतं आणि उलटीमुळे टाके ओढले जातात.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कधीपासून? समुद्राचं पाणी चालेल का?

२४ तासांनंतर. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चारपाच वेळा आणि प्रत्येक जेवणानंतर. पाणी तोंडात हळू फिरवा आणि आपसूक पडू द्या, जोरात थुंकू नका. समुद्राचं पाणी याहून बरंच खारट असतं, शिवाय बंदराजवळ सांडपाणी आणि जंतू असतात. ते नको.

गाल सुजलाय. बर्फ लावू की शेकू?

अक्कलदाढ हाड कोरून काढली असेल तर सूज येणारच. ती दोन-तीन दिवस वाढते, मग उतरू लागते. पहिल्या २४ तासांत फडक्यात गुंडाळलेला बर्फ बाहेरून दहा-पंधरा मिनिटं लावा, थोडं थांबून पुन्हा लावा. तोंड उघडायला त्रास होत असेल तर दोन दिवसांनंतर बाहेरून कोमट शेक चालतो. पण पू झालेल्या गालाला कधीही शेकू नका. आणि बिब्बा, चुना असलं काही गालाला लावू नका. बिब्ब्याने भाजलेल्या गालाचा डाग आयुष्यभर राहू शकतो.

दोन दिवस बरं होतं, तिसऱ्या दिवशी ठणका सुरू झाला. असं का?

हा बहुतेक कोरडा खड्डा. गुठळी निघून जाते किंवा विरघळते आणि खालचं हाड उघडं पडतं. दाढ काढल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ठणका उठतो, तो कानापर्यंत जातो, गोळीला दाद देत नाही आणि तोंडाला घाण वास येतो. ताप नसतो, पू नसतो. साध्या दाढेत शंभरात एक ते पाच जणांना हे होतं, खालच्या अक्कलदाढेत बरंच जास्त. तंबाखू, विडी, मशेरी ही मोठी कारणं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्येही प्रमाण जास्त दिसतं.

याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मेडिकलमधून तीनतीन दिवसांचे कोर्स घेत बसू नका. दवाखान्यात खड्डा धुऊन लवंगेच्या अर्काची औषधी पट्टी भरली की तासाभरात माणसाचा चेहरा बदलतो. पट्टी एकदोनदा बदलावी लागते आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवं मांस भरू लागतं. लवंगेचंच औषध ना, मग घरीच तेल घालू का, असं विचारतात. नको. शुद्ध लवंगतेल उघड्या जखमेत घातलं तर मांस भाजतं. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर धरून ठेवल्यानेही तेच होतं.

मशेरी किती दिवस बंद?

आम्ही सांगतो निदान आठवडाभर, आणि मनापासून म्हणतो कायमची. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिला दात घासायची पूड समजू नका. ती बोटाने हिरडीला चोळताना ताजी गुठळी निघते आणि निकोटिनमुळे जागेचा रक्तपुरवठा आवळला जातो. कितीतरी आयाबाया तीस-चाळीस वर्षं लावतात आणि "तंबाखू खात नाही" असं आम्हाला सांगतात. म्हणून आम्ही मशेरीचं वेगळं विचारतो. संकोच न करता सांगा, रागवायला आम्ही बसलेलो नाही.

कोणती सूज धोक्याची?

या पानावरचं हे उत्तर घरातल्या सगळ्यांनी वाचावं. दाढ काढलेली असो वा किडलेली तशीच असो, खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्याच्या आत खूप खोल जातात. तिथला पू गालाकडे न येता जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरू शकतो. दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज येते, जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होत जाते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला आहे. आज औषधं आहेत, तरी माणूस दगावतो तो श्वास कोंडून, आणि तो उशीर बहुतेकदा घरीच झालेला असतो.

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर रात्र असो वा पाऊस, निघा : हनुवटीखाली पसरणारी कडक सूज, थुंकी गिळता न येणं आणि लाळ गळणं, आवाज घोगरा किंवा तोंडात काही धरल्यासारखा होणं, जीभ वर आलेली असणं, आडवं झाल्यावर श्वास अडकणं, तोंड दोन बोटंही न उघडणं आणि सोबत थंडीताप, सूज डोळ्यापर्यंत चढून पापणी मिटणं.

१०८ ला फोन करा, ती सेवा फुकट आहे. रुग्णाला बसवूनच न्या, झोपवू नका. अशा वेळी छोट्या दवाखान्यांचे उंबरे झिजवण्यात वेळ घालवू नका. श्वासनलिका सांभाळणारे भूलतज्ज्ञ असतील अशा ठिकाणी जा. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ, सावंतवाडी-दोडामार्गाकडून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर काही तासही फार असतात.

वेदनेच्या गोळ्या कोणत्या?

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल, दिवसभरात चार ग्रॅमच्या आत, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर त्याहून कमी. गरज पडल्यास सोबत जेवणानंतर आयब्रुफेन ४०० मिलिग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार, पोटात व्रण, दमा किंवा रक्त पातळ करायचं औषध असेल तर आयब्रुफेन विचारल्याशिवाय नको. बधिरपणा उतरण्याआधीच पहिली गोळी घ्यावी, ठणका चढल्यावर तो उतरवायला जास्त वेळ लागतो. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर त्या दिवसांत माडी, दारू काहीच नको.

आठ दिवस झाले, खालचा ओठ अजून बधिरच आहे.

खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठाची आणि जिभेची संवेदना नेणाऱ्या नसा जातात. दाढ काढताना त्या दुखावल्या जाऊ शकतात. ओठ हलतो, वाकडा होत नाही, फक्त कळत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते महिन्यांत पूर्ववत होतं, मुंग्या येऊ लागणं हे चांगलं लक्षण. पण लगेच कळवा, म्हणजे बधिर भाग आखून नोंद ठेवता येते आणि सुधारणा होते आहे की नाही ते कळतं. तोवर गरम खाताना सांभाळा.

वरची दाढ काढली आणि प्यायलेलं पाणी नाकातून आलं!

वरच्या दाढांच्या वर गालाच्या हाडातली पोकळी असते, मध्ये कधी कागदाएवढं पातळ हाड. तिथे वाट पडली की असं होतं. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका, स्ट्रॉ आणि विडी बंद, आणि दुसऱ्या दिवशी दाखवा. छोटी वाट दोन आठवडे हे पाळलं की आपोआप बुजते, मोठी टाके घालून बंद करावी लागते.

मालवण-तारकर्लीकडच्या मुलांसाठी मुद्दाम सांगतो : वरची दाढ काढल्यावर चार ते सहा आठवडे स्कूबा किंवा बुडी मारायचं काम नको. पाण्याच्या दाबाने हवा त्याच वाटेने घुसते. पर्यटनाचा हंगाम आहे हे आम्हालाही कळतं, तरीही नको.

गरोदरपणात दाढ काढता येते का?

येते. चौथा ते सहावा महिना सोयीचा. पू झाला असेल तर कुठल्याही महिन्यात, कारण पू अंगात राहणं आईला आणि बाळाला जास्त घातक. बधिर करायचं लिग्नोकेन चालतं. गोळी पॅरासिटामॉलचीच.

मी खलाशी आहे. मी चाकरमानी आहे. दाढ कधी काढू?

खलाशांनी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत. हंगामात काढायचीच असेल तर नंतर निदान आठवडाभर खोल समुद्रात जाऊ नका, किनाऱ्यापासून लांब रक्त सुरू झालं तर बोट परत यायला वेळ लागतो. गणपतीला येणाऱ्यांनी आल्या-आल्या काढावी. विसर्जन झाल्यावर दाढ काढून त्याच रात्री कोकण रेल्वेत बसणारे खूप असतात. ठणका, रक्त, सूज जे काही व्हायचं ते मग प्रवासात आणि कामावर, आणि ज्याने दाढ काढली तो इथे.

दाढ काढून महिना झाला, जागा भरत नाही.

तीन आठवड्यांत न भरणारी जखम, सहज रक्त येणारा मांसाचा कोंब, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण हलू लागलेला दात, यांपैकी काहीही असेल तर तुकडा काढून तपासायला हवा. या तपासणीने गाठ पसरते हा समज खोटा आहे आणि त्यापायी माणसं महिनेच्या महिने घालवतात. तोंड हळूहळू कमी उघडू लागलं असेल, तिखट झोंबत असेल, तर सुपारीकडे बघा. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा आपल्याला अभिमान आहे, पण सुपारी नुसती, तंबाखूशिवाय, खाल्ली तरी कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला कर्करोगकारक ठरवलं आहे.

पडून दात मुळासकट निघाला तर?

पांढऱ्या बाजूने धरा, मूळ घासू नका, क्षणभर पाण्याखाली धरून जमल्यास लगेच जागेवर बसवा. नाहीतर दुधात घालून अर्ध्या-एक तासात दवाखाना गाठा. शहाळ्याचं पाणी आम्लधर्मी, दूध मिळत असताना ते नको. दुधाचा दात परत बसवत नाहीत.

आंब्यावरून पडून जबडा मोडला, तारांनी दात बांधलेत. काय जपायचं?

तारा चार ते सहा आठवडे राहतात. पेज गाळून, आंबील, दूध, मिक्सरमधून काढलेलं वरण-भात, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, कारण वजन झपाट्याने उतरतं. दर वेळी गुळणी आणि लहान मुलांच्या ब्रशने बाहेरून सफाई. भीती असते ती उलटीची, तोंड बंद असताना ती श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून दारू नको, होडीचा प्रवास नको आणि घाटाचा रस्ता टाळता आला तर टाळा. मळमळ झाली की पुढे वाका, उलटी दातांच्या फटींतून बाहेर पडू द्या. तारा कापायची पक्कड सतत जवळ ठेवा, आणि कुठल्या तारा कापायच्या हे घरातल्या एकाला दवाखान्यातून सुटतानाच दाखवून घ्या.